काचबिंदू: न दुखता जाणारी नजर आणि ती वाचवण्याचे मार्ग

काचबिंदू हा डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या मुख्य नसेचा आजार आहे. डोळ्यातला दाब या नसेला सोसेनासा होतो आणि तिच्यातले धागे एकेक करून मरत जातात. बहुतेक रुग्णांचा डोळा दुखत नाही, लाल होत नाही आणि समोरची अक्षरेही स्वच्छ दिसतात. त्यामुळे रुग्ण डॉक्टरांकडे पोहोचतो तेव्हा नसेचा बराच भाग गेलेला असतो. गेलेला भाग परत आणणारे औषध, लेसर किंवा शस्त्रक्रिया आज उपलब्ध नाही. उरलेली नजर मात्र टिकवता येते. निदान वेळेवर झाले आणि उपचार नियमित राहिले, तर बहुतेक रुग्ण आयुष्यभर आपली कामे स्वतः करू शकतात.

जगात कायमस्वरूपी अंधत्वाच्या कारणांत काचबिंदूचा क्रमांक पहिला लागतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार भारतात चाळिशी ओलांडलेल्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना हा आजार आहे. तमिळनाडूतील ग्रामीण पाहण्यांत असे आढळले की, काचबिंदू असलेल्या दहांपैकी नऊ किंवा त्याहून अधिक जणांना आपल्याला तो आहे हे माहीतच नव्हते.

माधवनगरच्या माणसाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला सांगली हाकेच्या अंतरावर आहे आणि मिरज त्याच रेल्वेमार्गावर पुढे. म्हणजे इथे अडचण अंतराची फारशी नाही. अडचण आहे ती ‘मोतीबिंदूच असेल, पिकू दे, मग बघू’ या समजाची. म्हणून आधी या दोन आजारांतला फरक पाहू.

मोतीबिंदू आणि काचबिंदू: नावे सारखी, आजार वेगळे

मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. सगळेच धुरकट दिसू लागते, त्यामुळे रुग्णाला आपली नजर कमी झाल्याचे कळते. शस्त्रक्रियेत गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात आणि नजर परत येते. शस्त्रक्रिया काही महिने लांबली तरी बहुधा कायमचे नुकसान होत नाही.

काचबिंदूत भिंग स्वच्छ असू शकते. बिघाड असतो मागच्या नसेत, आणि नस बदलता येत नाही. मोतीबिंदूसाठी वाट पाहिलेली चालून जाते, काचबिंदूत वाट पाहण्याची किंमत नजरेने मोजावी लागते. वयस्कर माणसाला दोन्ही आजार एकाच वेळी असू शकतात. अशा वेळी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया उत्तम होऊनही ‘पाहिजे तसे दिसत नाही’ अशी तक्रार राहते, कारण नसेचे नुकसान आधीच झालेले असते.

‘पिकू दे’ या सल्ल्यात आणखी एक धोका आहे. अति पिकलेला मोतीबिंदू फुगून डोळ्यातला पाण्याचा मार्ग अडवू शकतो, किंवा त्यातला द्रव बाहेर झिरपून तो मार्ग तुंबवू शकतो. दोन्ही प्रकारांत दाब एकाएकी वाढतो आणि डोळा असह्य दुखू लागतो. मोतीबिंदूमुळे होणारा हा काचबिंदूच आहे, आणि वेळेवर शस्त्रक्रिया केली तर तो पूर्णपणे टळतो.

डोळ्यात नेमके काय बिघडते

डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा एक स्वच्छ द्रव सतत तयार होत असतो. त्याला नेत्रजल म्हणतात. गालावर ओघळणाऱ्या अश्रूंशी त्याचा संबंध नाही. दर मिनिटाला साधारण २ ते २.५ मायक्रोलिटर नेत्रजल तयार होते आणि तेवढेच बाहेर जाते. बाहेर जाण्याची वाट डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, म्हणजे पारपटलाच्या, आणि रंगीत बुबुळाच्या मधल्या कोनात असते. तिथे बारीक जाळी असते. जाळी तुंबली किंवा कोनच मिटला की पाणी साचते आणि दाब वाढतो. मोरीची जाळी तुंबली की नळ तेवढाच चालू असूनही पाणी भरत जाते, तसाच हा प्रकार.

हा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. निरोगी डोळ्यात तो साधारण १० ते २१ असतो. दंडावर मोजल्या जाणाऱ्या रक्तदाबापेक्षा तो वेगळा असतो. रक्तदाब सामान्य असलेल्या माणसाच्या डोळ्याचा दाब जास्त असू शकतो आणि याच्या उलटही घडू शकते.

डोळ्याच्या नसेत सुमारे १० ते १२ लाख धागे असतात. काचबिंदूत बहुधा बाजूची नजर सांभाळणारे धागे आधी जातात. रुग्णाला काळे डाग दिसत नाहीत. जिथली माहिती येत नाही ती जागा मेंदू आजूबाजूच्या चित्रावरून भरून काढतो, शिवाय एका डोळ्याची उणीव दुसरा झाकतो. म्हणून पुस्तक वाचता येते, टीव्ही दिसतो. पण जिन्याची शेवटची पायरी चुकते, दाराच्या चौकटीला खांदा लागतो, चौकात बाजूने आलेली मोटारसायकल ‘अचानक’ समोर उभी राहते. घरचे याला वय किंवा धांदरटपणा म्हणतात. नजरेची तपासणी सहसा होत नाही.

काचबिंदूचे मुख्य प्रकार

*उघड्या कोनाचा काचबिंदू.* कोन उघडा असतो, पण जाळीतून पाणी नीट झिरपत नाही. हा प्रकार वर्षानुवर्षे गुपचूप वाढतो. भारतात सर्वाधिक रुग्ण याच प्रकाराचे आहेत.

*बंद कोनाचा काचबिंदू.* बुबुळ पुढे सरकून कोन मिटतो. युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा आशियाई लोकांत हा जास्त आढळतो, त्यातही स्त्रियांत आणि दूरचे पाहायला अधिक नंबरचा चष्मा लागणाऱ्यांत. बहुतेकांत तोही हळूहळूच होतो. काहींना मात्र तीव्र झटका येतो: डोळा आणि अर्धे डोके ठणकते, डोळा लाल होतो, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, नजर धूसर होते आणि उलट्या होतात. उलट्यांमुळे पित्त किंवा अर्धशिशी समजून घरी गोळी घेतली जाते आणि मोलाचे तास निघून जातात. डोकेदुखी व उलट्यांबरोबर डोळा लाल झाला असेल, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, नेत्रतज्ज्ञ असलेले रुग्णालय गाठावे.

*सामान्य दाबाचा काचबिंदू.* दाब २१ च्या आत असूनही नस झिजते. म्हणून ‘दाब नॉर्मल आहे’ एवढ्यावर काचबिंदू नाही असे म्हणता येत नाही. याच्या उलट, काहींचा दाब थोडा जास्त असूनही नस वर्षानुवर्षे शाबूत राहते. अशांना उपचार द्यायचा की नुसते लक्ष ठेवायचे, हे बाकीच्या तपासण्यांवरून ठरते.

*दुय्यम काचबिंदू.* दुसऱ्या कारणाने होणारा. आपल्याकडचे टाळता येण्याजोगे सर्वांत मोठे कारण म्हणजे स्टेरॉइड. डोळ्यांना खाज सुटणाऱ्या मुलाला एकदा लिहून दिलेला स्टेरॉइडचा ड्रॉप नंतर घरचे लोक औषधाच्या दुकानातून परस्पर आणत राहतात. खाज थांबते, डोळा पांढराशुभ्र दिसतो, आणि आत दाब वाढत असतो. प्रत्येकाचा दाब वाढतो असे नाही, पण कोणाचा वाढेल हे आधी सांगता येत नाही. गोळ्या, दम्याचे पंप आणि चेहऱ्याला लावायची मलमे यांतूनही स्टेरॉइड दीर्घकाळ जात असेल तर डोळ्याचा दाब तपासून घ्यावा. मात्र दम्याचा पंप स्वतःहून बंद करू नये. विटी, चेंडू, फटाका यांचा डोळ्यावर बसलेला मार बरा झाल्यावरही कित्येक वर्षांनी काचबिंदू होऊ शकतो. जुन्या मधुमेहात डोळ्यात नको त्या रक्तवाहिन्या वाढूनही दाब चढतो.

*जन्मजात काचबिंदू.* बाळाच्या डोळ्यांतून सतत पाणी येणे, उजेडाकडे न पाहणे, बुबुळ मोठे किंवा निळसर-धुरकट दिसणे ही याची लक्षणे. ‘डोळे किती टपोरे आहेत’ असे कौतुक होत राहते आणि दिवस जातात. जवळच्या नात्यांत लग्ने होणाऱ्या समाजांत हा आजार अधिक दिसतो. दक्षिण महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत जुनी असल्याने हे इथे विशेष सांगावेसे वाटते. या बाळांना औषधापेक्षा शस्त्रक्रियेचाच आधार असतो आणि ती जितकी लवकर होईल तितकी चांगली.

कोणी तपासून घ्यावे

- चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने एकदा पूर्ण तपासणी करावी आणि पुढे दोनेक वर्षांनी ती करत राहावी. जवळच्या वाचनाचा चष्मा बनवायला जातो, तीच वेळ सोयीची.
- आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल तर आधीपासून आणि दर वर्षी. अशांना धोका कित्येक पटींनी जास्त असतो.
- मधुमेह, जास्त उणा नंबर, डोळ्याला लागलेला मार किंवा स्टेरॉइडचा दीर्घ वापर असेल तर वयाची वाट न पाहता.

चष्म्याच्या दुकानात नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे. नंबर पूर्ण बरोबर निघूनही काचबिंदू असू शकतो.

नेत्रतज्ज्ञ निदान कसे करतात

काचबिंदू एका आकड्यावरून ठरत नाही. दाब, कोन, नस आणि नजरेचे क्षेत्र या चार गोष्टी एकत्र ठेवून डॉक्टर निर्णय घेतात.

*दाब.* शिबिरात किंवा मोठ्या दवाखान्यात हवेचा झोत सोडणाऱ्या यंत्राने दाब घेतात. चाळणीसाठी हे यंत्र ठीक आहे. निदानासाठी डोळा बधिर करणारा थेंब आणि पिवळा रंग घालून, निळ्या प्रकाशात पारपटलाला हलकेच टेकणारे गोल्डमन उपकरण वापरतात. त्याने दुखत नाही. दाब दिवसभरात कमीजास्त होत असल्याने तो वेगवेगळ्या वेळी परत घेतला जातो.

*पारपटलाची जाडी.* पारपटल पातळ असेल तर यंत्र दाब खऱ्यापेक्षा कमी दाखवू शकते, जाड असेल तर जास्त. ही बाब आपल्या राज्यासाठी महत्त्वाची आहे. नागपूरजवळच्या खेड्यांत २००६ ते २००८ या काळात सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी या नावाने मोठी पाहणी झाली. तीस वर्षांवरील ४,७११ जणांनी तीत भाग घेतला. त्यांच्या पारपटलाची सरासरी जाडी सुमारे ५१४ मायक्रॉन भरली. युरोपीय वंशाच्या लोकांत ती ५४० च्या आसपास असते. म्हणजे परदेशी मोजमापावर ‘नॉर्मल’ ठरणारा दाब आपल्याकडच्या एखाद्या डोळ्यात तितका निर्धोक नसेल. जाडी आयुष्यात सहसा एकदाच मोजावी लागते.

*कोन.* डोळा बधिर करून आरसे बसवलेली छोटी काच डोळ्यावर टेकवतात आणि कोन उघडा आहे की बंद, हे पाहतात. गोनिओस्कोपी नावाच्या या तपासणीला काही मिनिटे लागतात. ती राहून गेली तर बंद कोनाच्या रुग्णावर उघड्या कोनाचे उपचार होत राहतात. काचबिंदू सांगितला गेला असेल तर ‘माझा कोन उघडा आहे की बंद?’ असा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा.

*नस.* डोळ्याच्या मागे नस जिथून निघते तिथे मधोमध छोटा खळगा असतो. धागे मरत गेले की खळगा मोठा होतो. पूर्ण चकतीच्या तुलनेत खळगा किती, हे डॉक्टर ०.३, ०.५, ०.८ अशा आकड्यांत लिहितात. मूळची चकती मोठी असलेल्या निरोगी माणसातही खळगा मोठा असू शकतो. पण दोन डोळ्यांत ०.२ पेक्षा जास्त फरक असेल तर संशय बळावतो. बाहुली मोठी करणारा थेंब घालून ही तपासणी होते. त्यानंतर काही तास धूसर दिसते, म्हणून त्या दिवशी गाडी चालवू नये.

*नजरेचे क्षेत्र.* एका वाटीसारख्या पडद्यात मधल्या दिव्याकडे पाहत राहायचे आणि कडेला ठिणगी दिसली की बटण दाबायचे. या तपासणीत रुग्ण घाबरतो, कारण कितीतरी ठिणग्या दिसतच नाहीत. मुळात यंत्र दिसण्याच्या सीमेवरचाच प्रकाश सोडत असते, त्यामुळे तसे होणारच. ही परीक्षा नव्हे. पहिली चाचणी बऱ्याचदा नीट येत नाही, म्हणून ती पुन्हा करतात. जेवून, विश्रांती घेऊन जावे आणि पापण्या मिटाव्याशा वाटल्या तर खुशाल मिटाव्यात.

*ओसीटी.* प्रकाशाच्या साहाय्याने धाग्यांच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये मोजणारी तपासणी. क्षेत्राच्या चाचणीत दोष स्पष्ट दिसेपर्यंत साधारण पाव ते एक तृतीयांश पेशी गेलेल्या असू शकतात. ओसीटीत त्याआधीही बदल दिसू शकतो. मात्र अहवालातला लाल रंग म्हणजे काचबिंदूच असे नाही. जास्त उणा नंबर असलेल्यांच्या अहवालात लाल रंग उगाच दिसू शकतो. उलट आजार फार पुढे गेल्यावर ओसीटीचा उपयोग कमी होतो आणि क्षेत्राची चाचणीच कामी येते.

पहिल्या वेळचे हे सगळे कागद आयुष्यभर जपावेत. पाच वर्षांनी आजार वाढला की थांबला, हे त्यांच्याशी तुलना करूनच कळते.

उपचार: सगळ्यांचा हेतू दाब उतरवणे

स्वीडनमधल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की, डोळ्याचा दाब १ मिलिमीटरने कमी झाला तर आजार वाढण्याचा धोका सुमारे १० टक्क्यांनी घटतो. प्रत्येक रुग्णासाठी डॉक्टर दाबाचे एक लक्ष्य ठरवतात. नस जास्त खराब असेल तर लक्ष्य अधिक खालचे असते. म्हणून शेजाऱ्याला चालणारा १८ चा दाब आपल्याला चालेलच असे नाही.

*थेंब.* बहुतेकांचे उपचार थेंबांनी सुरू होतात. लॅटानोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट, बायमॅटोप्रोस्ट ही औषधे दिवसातून एकदा, बहुधा रात्री, घालतात. त्यांनी डोळे लाल होणे, पापण्यांचे केस वाढणे, डोळ्यांभोवतीची कातडी काळवंडणे असे परिणाम होऊ शकतात. टिमोलॉल स्वस्त आणि गुणकारी आहे, पण दमा असलेल्यांना किंवा नाडी फार मंद असलेल्यांना ते धोक्याचे ठरू शकते. डोळ्यातला थेंब नाकावाटे रक्तात जातो, म्हणून दमा किंवा हृदयविकार असल्यास डोळ्यांच्या डॉक्टरांना आधीच सांगावे. डॉर्झोलॅमाइड, ब्रिन्झोलॅमाइड आणि ब्रिमोनिडीन ही आणखी काही औषधे. ब्रिमोनिडीन तान्ह्या बाळांना देत नाहीत. अॅसिटाझोलॅमाइडच्या गोळ्या दाब पटकन उतरवतात, पण बोटांना मुंग्या येतात आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर जपावे लागते. म्हणून त्या सहसा थोड्या दिवसांसाठीच देतात.

*लेसर.* बंद कोनासाठी बुबुळात बारीक छिद्र पाडून पाण्याला दुसरी वाट करून देतात. हे काम बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांत होते. उघड्या कोनासाठी जाळीवर सौम्य लेसर मारतात. ब्रिटनमध्ये ७१८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुरुवातच या लेसरने केलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज पडली नव्हती. लेसरचा परिणाम काही वर्षांनी ओसरू शकतो, म्हणून नंतरही तपासणी चुकवू नये.

*शस्त्रक्रिया.* थेंब व लेसर पुरेनासे झाले, किंवा आजार सुरुवातीलाच फार पुढे गेलेला असेल, तर शस्त्रक्रिया करतात. डोळ्याच्या भिंतीत छिद्र पाडून पाण्याला वाट देण्याच्या पद्धतीला भारतात जुना इतिहास आहे. मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयातील शल्यचिकित्सक रॉबर्ट हेन्री एलियट यांनी १९०९ साली अशी पद्धत रूढ केली आणि ती जगभर वापरली गेली. आजची ट्रॅबेक्युलेक्टॉमी ही अधिक सुरक्षित पद्धत १९६८ साली जॉन केर्न्स यांनी मांडली. तीत छिद्रावर पातळ झाकण ठेवतात आणि पाणी वरच्या पापणीखाली एका बारीक फुग्यात झिरपते. काही डोळ्यांत बारीक नळी बसवावी लागते. मदुराईच्या ऑरोलॅबने तयार केलेल्या नळीमुळे हा उपचार आपल्याकडे बराच स्वस्त झाला.

शस्त्रक्रियेनंतर नजर वाढत नाही, पहिले काही आठवडे ती थोडी कमीही वाटते. हे आधी नीट समजावून घेतले नाही तर ‘ऑपरेशन बिघडले’ अशी समजूत होते. फुगा असलेल्या डोळ्यात पुढे कधीही लाली, दुखणे, चिकट स्राव किंवा नजर कमी होणे जाणवले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

बंद कोनाच्या काही रुग्णांत भिंग काढून कृत्रिम भिंग बसवल्याने कोन मोकळा होतो. त्यामुळे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हाच कधी कधी काचबिंदूवरचा उपचार ठरतो. हा निर्णय कोन पाहूनच होतो.

थेंब घालण्याची रीत

१. हात धुवा. मान मागे करा, खालची पापणी ओढून खळगा करा आणि एकच थेंब सोडा. दुसरा थेंब गालावर ओघळतो, फायदा वाढत नाही.
२. बाटलीचे टोक डोळ्याला किंवा पापणीला लावू नका.
३. डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरा. औषध डोळ्यातच राहते, अंगात कमी जाते.
४. दोन औषधे असतील तर मध्ये किमान पाच मिनिटे जाऊ द्या.
५. फोडलेली बाटली साधारण महिनाभरच वापरा. झाकणावर तारीख लिहून ठेवा. फ्रिजमध्ये ठेवायची का, हे दुकानदाराला विचारा.
६. तपासणीच्या दिवशीही थेंब घाला. हात थरथरत असेल तर घरातल्या दुसऱ्याने घालावा.

या आजारात अपयशाचे मोठे कारण औषध न लागणे हे नसून औषध बंद पडणे हे असते. थेंबांनी काही बरे वाटत नाही, उलट डोळा चुरचुरतो. बाटली संपते, सुगी किंवा लग्नसराई असते, आणि ‘दिसतंय की व्यवस्थित’ म्हणून पुढची बाटली येत नाही. खर्च झेपत नसेल तर औषध सोडण्याऐवजी डॉक्टरांना तसे सांगावे. स्वस्त पर्याय किंवा लेसर निवडता येतो.

रोजचे जगणे

चालणे आणि हलका व्यायाम चांगला. शीर्षासनात डोळ्याचा दाब जवळपास दुप्पट होतो, म्हणून काचबिंदू असलेल्यांनी शीर्षासन आणि बराच वेळ डोके खाली ठेवावे लागणारी आसने टाळावीत. सकाळी उठून एका दमात लिटरभर पाणी पिण्याची सवय असेल तर तेच पाणी थोडे थोडे प्यावे, कारण एकदम प्यायलेल्या पाण्याने दाब काही वेळ चढतो. मध, गुलाबपाणी किंवा कोणी सांगितलेला रस डोळ्यात घालू नये. बंद कोन सांगितला असेल तर सर्दी-खोकल्याची औषधेही डॉक्टरांना विचारून घ्यावीत.

बाजूची नजर कमी झालेल्यांनी रात्री वाहन चालवणे सोडावे, जिन्याच्या पायऱ्यांच्या कडेला ठळक पट्टी मारून घ्यावी आणि वाटेतली स्टुले-बादल्या हलवाव्यात.

सांगली–मिरज परिसरातील सोय

मिरजेची वैद्यकीय ओळख जुनी आहे. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशन रुग्णालय उभारले. १९६२ साली मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मिरजेतील शासकीय रुग्णालय आणि सांगलीतील पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय त्याला जोडलेली आहेत. माधवनगर, बुधगाव, नांद्रे या बाजूच्या रुग्णाला सांगलीचे रुग्णालय आधी लागते. सांगलीत भारती विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालयही आहे, आणि दोन्ही शहरांत खासगी नेत्रतज्ज्ञ आहेत.

जाताना जुना चष्मा, चालू औषधांच्या बाटल्या आणि आधीचे सगळे कागद सोबत न्यावेत. दाब, पारपटलाची जाडी, कोन, नस आणि क्षेत्र या पाचही गोष्टींची नोंद कागदावर आहे का, ते पाहावे. शस्त्रक्रिया सांगितली गेली तर ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. गावात मोतीबिंदूचे शिबिर भरले तर तिथे ‘दाब आणि नसही पाहा’ असे सांगायला संकोच करू नये. दर वर्षी मार्चमध्ये जागतिक काचबिंदू सप्ताह असतो, त्या वेळी अनेक ठिकाणी तपासणी मोफत होते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*काचबिंदू पूर्ण बरा होतो का?* नाही. मधुमेहासारखा तो ताब्यात ठेवायचा असतो. तपासणी आणि उपचार कायम चालू राहतात.

*मोबाईल किंवा टीव्हीमुळे होतो का?* नाही. त्याने डोळे कोरडे पडतात, थकतात, पण काचबिंदू होत नाही.

*काचबिंदू असला म्हणजे अंधत्व येणारच का?* नाही. लवकर सापडलेल्या आणि उपचार न सोडणाऱ्या बहुतेकांना ते येत नाही.

*एक डोळा गेला आहे, आता काय उपयोग?* उपयोग दुसऱ्या डोळ्याला आहे. काचबिंदू बहुधा दोन्ही डोळ्यांत असतो, मागेपुढे इतकेच.

*माझे निदान झाले, घरच्यांना सांगावे का?* अवश्य. भाऊ, बहीण आणि चाळिशीकडे आलेली मुले यांना तपासायला पाठवावे. त्यांची नस अजून शाबूत असण्याची शक्यता आहे, आणि शाबूत नस वाचवणे हेच या आजारात सर्वांत सोपे असते.